एचएमटी परत आणायची म्हणजे नेमकं काय परत आणायचं?

दर चार-सहा महिन्यांनी एक फोटो फिरत फिरत येतो. पांढरी तबकडी, बारीक काटे, वर एचएमटी, खाली 'जनता'. सोबतचा मजकूर ठरलेला. बापजाद्यांचं घड्याळ, देशाचा अभिमान, सरकारने पुन्हा सुरू करावं, सहमत असाल तर शेअर करा. परवा तो आमच्या जूचंद्रच्या ग्रुपवर आला आणि तासाभरात अंगठ्यांचा पाऊस पडला. अंगठे देणाऱ्या निम्म्या पोरांनी आयुष्यात कधी घड्याळाला चावी दिलेली नसेल. त्याबद्दल तक्रार नाही. पण मागणी सरकारकडे करायची, म्हणजे आपल्याच खिशातून करायची, तर आपण काय मागतोय ते तरी माहीत हवं. म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

एचएमटी म्हणजे हिंदुस्तान मशीन टूल्स. १९५३ मध्ये बंगळुरूला सुरू झालेली सरकारी कंपनी. घड्याळं हा तिचा मूळ धंदा नव्हेच. लेथ, मिलिंग मशीन, म्हणजे थोडक्यात मशीन बनवणारी मशीन तयार करायला ती काढली होती, तीही स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीची मदत घेऊन. देशाला कारखाने हवे होते, कारखान्यांना यंत्रं हवी होती, आणि दर वेळी ती परदेशातून आणायला तिजोरीत परकीय चलन नव्हतं. मग १९६१ मध्ये याच कंपनीने जपानच्या सिटिझनबरोबर करार करून बंगळुरूच्या जालहळ्ळीला मनगटी घड्याळांचा कारखाना उभा केला.

लेथवाली कंपनी घड्याळाकडे का वळली, असं कुणी विचारत नाही. खरं तर तीच गंमत आहे. चावीच्या घड्याळात बॅलन्स नावाचं एक चाक सतत पुढे-मागे झोके घेत असतं. त्याच्या आसाचं टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं बारीक असतं. ते एकसारखं, हजारोंच्या संख्येने आणि एका गिरणी कामगाराला परवडेल अशा किमतीत कापता आलं, तर त्या देशाला अचूक काम जमतं असं म्हणायला हरकत नाही. सुरुवातीला भाग जपानहून यायचे. हळूहळू बहुतेक सुटे भाग इथेच व्हायला लागले. आज आपण 'मेक इन इंडिया'च्या नावाने ज्या जोडणीला टाळ्या वाजवतो, त्याच्या बरंच पुढचं हे काम होतं, आणि ते साठीच्या दशकात सुरू झालं होतं.

त्याआधी मनगटावर घड्याळ म्हणजे परदेशी माल. मुंबई तर त्याची मोठी पेठच होती. फाव्र-ल्यूबा ही १७३७ पासूनची स्विस कंपनी, तिचं मुंबईत दुकान इंग्रजांच्या काळापासून. वेस्ट एंड वॉच कंपनीने १८८६ मध्ये मुंबईत बस्तान बसवलं आणि तिची घड्याळं लष्करात, रेल्वेत गेली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि घड्याळ ही तस्करीची वस्तू झाली. सोनं, ट्रान्झिस्टर आणि घड्याळं. दमणपासून खाली कोकणापर्यंतच्या किनाऱ्यावर रात्री काय काय उतरायचं याच्या कहाण्या आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती आधी नाही म्हणतील आणि मग दोन तास बोलतील.

आता आमच्यासारख्या गावात घड्याळ कशाला लागत होतं, हेही बघायला हवं. जूचंद्र हे खाडीकाठचं आगरी गाव. भातशेती आणि मिठागर. मिठागराची वेळ काट्यावर चालत नाही, पाण्यावर चालते. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. त्याचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची. अमावस्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, तर चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या आसपास. मुंबईच्या किनाऱ्याला हा हिशोब बऱ्यापैकी जुळतो, आत खाडीत पाणी थोडं उशिरा चढतं एवढंच. ज्याला तिथी ठाऊक त्याला वेळ ठाऊक. शेताला तर तेवढाही हिशोब लागत नाही.

घड्याळाची गरज आली ती नायगाव स्टेशनामुळे. गावातली माणसं मुंबईला कामाला जायला लागली. गिरणीचा भोंगा, गोदीची पाळी, बँकेतली सही. लोकल चुकली की हजेरी चुकली, हजेरी चुकली की पगार कापला. भरतीला 'सुमारास' चालतं, लोकलला चालत नाही. म्हणून पहिल्या पिढीच्या पगारातून पहिली मोठी खरेदी बऱ्याच घरांत घड्याळाची झाली, आणि लग्नात जावयाला अंगठीबरोबर घड्याळ द्यायची रीत पडली ती तिथूनच. सासऱ्याने एचएमटी दिलं की साधं दिलं आणि 'फॉरेन' दिलं की मानाने दिलं, असा भेदभाव तेव्हाही होताच. आज 'आमचं स्वदेशी एचएमटी' म्हणून उमाळे काढणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

मॉडेलांची नावं काय एकेक! जनता, जवान, पायलट, झलक, सोना, कांचन, कोहिनूर. काही तबकड्यांवर 'जनता' हे नाव चक्क देवनागरीत. जवान लष्करासाठी. अंधांसाठी ब्रेल घड्याळ निघालं, त्याची काच उघडून काट्यांना बोट लावून वेळ वाचायची. आणि यातली जनता, पायलट, जवान, झलक ही सगळी बाहेरून वेगळी दिसणारी घड्याळं आत मात्र एकच. ०२३१ नावाचं एकच मशीन, सतरा ज्वेलचं, तासाला अठरा हजार ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. कानाला लावलं तर जी घाईची टिकटिक ऐकू येते ना, तीच.

एकच मशीन सगळीकडे, ही गोष्ट वाटते त्यापेक्षा फार मोठी आहे. त्यामुळे देशातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडबाहेरच्या टपरीत, डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस तुमचं घड्याळ उघडू शकत होता. त्याच्याकडे काचेच्या छोट्या डब्यांत भाग असायचे. एका मशीनचं काम शिकला की त्याला लाखो गिऱ्हाइकं. आयटीआयमध्ये घड्याळ दुरुस्तीचा ट्रेड असायचा. कारखान्यात जितक्या लोकांचं पोट होतं त्याच्या कित्येक पट लोकांचं पोट कारखान्याबाहेर, अशा टपऱ्यांवर होतं. त्यांची नोंद कुठल्याच ताळेबंदात नाही.

आता ही कंपनी बुडाली कशी, त्याकडे येऊ. फिरत्या पोस्टींमध्ये याचं उत्तर एका ओळीत असतं. एका बाजूची मंडळी म्हणतात सरकारी होती म्हणून बुडाली, दुसऱ्या बाजूची म्हणतात उदारीकरणाने मारली. दोन्ही उत्तरं सोयीची आहेत.

२५ डिसेंबर १९६९ ला जपानच्या सेइकोने अ‍ॅस्ट्रॉन नावाचं क्वार्ट्झ घड्याळ विकायला काढलं. त्यात झोके घेणारं चाक नाही. सेकंदाला ८,१९२ वेळा थरथरणारा स्फटिकाचा तुकडा आणि एक सेल. चावीचं चांगलं घड्याळसुद्धा दिवसाला वीस-तीस सेकंद इकडे-तिकडे जातं, साधं क्वार्ट्झ महिन्याला पंधरा-वीस सेकंद. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत या स्फटिकाने स्वित्झर्लंडचा अर्धा घड्याळधंदा झोपवला. जिथे जगातली सर्वात मोठी घड्याळजी मंडळी आडवी झाली, तिथे एचएमटीचं काय!

पण एचएमटीला हे कळलंच नव्हतं असं नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिने स्वतःचं क्वार्ट्झ घड्याळ काढलं होतं. भर मात्र चावीच्याच घड्याळांवर राहिला. का राहणार नाही? बाजारात दुसरं कोणी नव्हतं. गिऱ्हाईक ताटकळत होतं, घड्याळ मिळायलाच वाट बघावी लागायची. ज्याच्या दुकानापुढे रांग असते त्याला रांग उद्या संपेल असं कोण सांगणार, आणि सांगितलं तरी तो कशाला ऐकेल? त्यात नवे कारखाने कुठे काढायचे हे दिल्लीत ठरायचं. श्रीनगरला एक, तुमकूरला एक, उत्तराखंडात नैनिताल जिल्ह्यातल्या रानीबागला एक. त्या त्या भागाला रोजगार मिळाला हे खरं, आणि तो हेतू वाईट नव्हता. पण ज्या वेळी जग चावी सोडून सेलकडे चाललं होतं, त्या वेळी आपण हजारो माणसं नव्याने या धंद्यात आणून बसवत होतो.

१९८४ मध्ये टाटांनी टायटन स्थापन केली. कारखाना होसूरला, सूत्रं झर्क्सिस देसाईंकडे, आणि १९८७ पासून माल बाजारात. पैज सरळ क्वार्ट्झवर. झगमगीत दुकानं, टीव्हीवर मोझार्टची धून, घड्याळ ही भेट द्यायची वस्तू. एचएमटी वेळ दाखवत राहिली आणि टायटन हौस विकत गेली.

आता एक गोष्ट जी या वादात कोणीच सांगत नाही. टायटन निव्वळ खासगी कंपनी नाही. ती टाटा आणि तामिळनाडू सरकारचं औद्योगिक महामंडळ टिडको यांनी मिळून काढली आणि आजही टिडकोचा वाटा टाटा सन्सपेक्षा मोठा आहे. म्हणजे एका सरकारने घड्याळात पैसा घालून तो बुडवला आणि त्याच धंद्यात, शेजारच्याच राज्यात, दुसऱ्या सरकारने घातलेल्या पैशाचं सोनं झालं. 'सरकारी म्हणून बुडाली' हे वाक्य इथेच अडखळतं. फरक मालकीचा कमी आणि निर्णय कोण, कुठे बसून घेतो याचा जास्त होता.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते सगळ्यांनी पाहिलंय. नव्वदनंतर आयात खुली झाली, स्वस्त चिनी क्वार्ट्झ रस्त्यावर आलं, मग मोबाइलमध्ये घड्याळ आलं. २००० मध्ये घड्याळांचा विभाग 'एचएमटी वॉचेस' नावाची वेगळी कंपनी झाला. २०१२-१३ चा तोटा २४२ कोटी. पगार रखडले. २०१४ मध्ये बंद करण्याची बातमी फुटली आणि त्याबरोबर काय झालं असेल? मागणी वाढली! ज्यांनी वीस वर्षं ढुंकून पाहिलं नव्हतं ते रांगा लावून जनता आणि पायलट घ्यायला धावले. आपल्याकडे माणूस आजारी असताना भेटायला कोणी येत नाही, दहाव्याला मात्र मांडव भरतो, तसंच.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने एचएमटी वॉचेस, श्रीनगरची चिनार वॉचेस आणि एचएमटी बेअरिंग्ज अशा तिन्ही कंपन्या बंद करायला मान्यता दिली. कामगारांची स्वेच्छानिवृत्ती आणि बाकीची देणी मिळून ४२७ कोटींची तरतूद झाली. स्वेच्छानिवृत्ती २००७ च्या काल्पनिक वेतनश्रेणीवर. शब्द नीट वाचा. २०१६ सालात २००७ ची श्रेणी, आणि तीही 'काल्पनिक', कारण खऱ्या श्रेण्या त्याहूनही जुन्या होत्या. आणि हे त्या वेळी आकर्षक पॅकेज म्हणून जाहीर झालं होतं.

त्याच सुमाराला बंगळुरू आणि तुमकूर इथली एचएमटीची २०८ एकर जमीन अवकाश खात्याला सुमारे १,१९४ कोटींना द्यायचं ठरलं. जमीन इस्रोसाठी गेली, बिल्डरला नाही, हे चांगलंच. पण आकडे शेजारी ठेवून बघा. तीन कंपन्यांच्या माणसांची किंमत ४२७ कोटी, त्यांच्या पायाखालच्या एका तुकड्याची १,१९४ कोटी. मुंबईच्या गिरण्यांची गोष्ट आठवली ना? कापडापेक्षा जागा महाग झाली त्या दिवशी गिरणीचं मरण ठरलं. इथेही बंगळुरूच्या उरलेल्या जमिनीवरून केंद्र आणि कर्नाटकचं वनखातं अजून भांडतंय. घड्याळावरून कोणी भांडत नाही.

आता थोडं आपल्या महाराष्ट्राकडे वळतो, कारण एचएमटी या नावाचं पुढे काय झालं याची सगळ्यात विलक्षण गोष्ट इथलीच आहे, आणि ती घड्याळाची नाहीच.

वाण्याकडे जा. आमच्याकडे वाडा कोलमची पाटी मानाची, कारण वाडा आपल्याच पालघर जिल्ह्यातला आणि २०२१ मध्ये त्या तांदळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच्या शेजारच्या पोत्यावर काय लिहिलेलं असतं? एचएमटी. कधी विचार केलाय, तांदळाला घड्याळाचं नाव कसं?

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. मराठवाड्यातलं नांदेड नव्हे. तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, शेत दीड एकर. १९८३ मध्ये त्यांना पटेल-३ जातीच्या धानाच्या शेतात दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी काढून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा लावल्या. पाच-सहा वर्षं हेच. त्यातून बारीक दाण्याचं, चवीचं, भरपूर पिकणारं वाण तयार झालं. १९९० च्या सुमारास एका मोठ्या शेतकऱ्याने त्यांच्याकडून दीडशे किलो बियाणं नेऊन लावलं, पीक भरघोस आलं, माल बाजारात गेला. व्यापारी विचारतो, नाव काय? नाव तर नव्हतंच. तेव्हा सगळ्यात चालणारी, सगळ्यांना माहीत असलेली, भरवशाची वस्तू कोणती? एचएमटी घड्याळ. झालं, तांदूळ एचएमटी. तो विदर्भातून छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणापर्यंत गेला.

१९९४ मध्ये अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने दादाजींकडून पाच किलो बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने वाण प्रसारित केलं. शुद्धीकरण आम्ही केलं, ही विद्यापीठाची बाजू. शुद्धीकरण हे खरोखरचं काम असतं, ते मी नाकारत नाही. पण मूळ लोंबी कोणी ओळखली? तो मान मिळावा म्हणून दादाजी वर्षानुवर्षं झगडत राहिले. २००५ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये फोर्ब्सच्या यादीत नाव आलं. पैसा नाही आला. पुढच्या एका वाणाला त्यांच्या नावाची आद्याक्षरं आहेत, डीआरके. ३ जून २०१८ ला गडचिरोलीच्या शोधग्राममध्ये ते गेले.

म्हणजे बघा, घड्याळाचं नाव इतकं मोठं की अनोळखी तांदूळ त्यावर तरून गेला. आज घड्याळाचा कारखाना नाही, तांदूळ मात्र घरोघर शिजतोय. आणि दोन्हीकडे ज्यांनी घाम गाळला त्यांच्या वाट्याला नावातलं काहीच आलं नाही. व्यापाऱ्याने ज्या भरवशावर ते नाव दिलं, तो भरवसा जालहळ्ळीच्या कामगारांनी कमावलेला होता, आणि त्यांना तर कदाचित ठाऊकही नसेल की चंद्रपुरात आपल्या नावाचं धान पिकतंय.

तर आता मूळ मागणी. परत आणा म्हणजे काय?

एक तर एचएमटी पूर्ण मेलेली नाही. मूळ कंपनी, एचएमटी लिमिटेड, बंगळुरूला अजून थोडीफार घड्याळं जोडून विकते. ऑनलाइन आली की शौकीन लोक झडप घालतात. २०१९ मध्ये जालहळ्ळीला एक छान संग्रहालयही झालं. २०२४ मध्ये अवजड उद्योग खातं कुमारस्वामींकडे आल्यापासून पुनरुज्जीवनाच्या घोषणाही ऐकू येतात. तेव्हा 'फक्त वस्तू हवी' एवढंच म्हणणं असेल तर ती थोड्या धडपडीने आजही मिळते.

दुसरा मार्ग जुन्या बाजाराचा. तिथे जपून. मुंबईच्या चोरबाजारातून आणि आसपासच्या गल्ल्यांतून जुनी घड्याळं जगभर जातात. तबकडीला नवा रंग, भडक आकडे, एकाचं मशीन, दुसऱ्याची केस, तिसऱ्याचे काटे. परदेशातल्या शौकिनांनी या प्रकाराला नावच देऊन टाकलंय: 'मुंबई स्पेशल'. आपल्या शहराची ही एक जागतिक कीर्ती. गुलाबी किंवा पोपटी तबकडीचं 'दुर्मीळ एचएमटी पायलट' कोणी दाखवलं तर हसून पुढे जा. पण त्या कारागिरांना फसवे म्हणून मोडीत काढायला मी तयार नाही. भाग मिळेनासे झाले, गिऱ्हाईक हवं होतं, हातात कला होती. त्यांनी जे जमलं ते केलं, आणि त्यातून कित्येक मशीन भंगारात जाण्यापासून वाचली हेही खरं.

तिसरा मार्ग ब्रँड पुन्हा आणण्याचा. फाव्र-ल्यूबाचं काय झालं ते पाहा. २०११ मध्ये टायटनने ते नाव विकत घेतलं. नंतर ते पुन्हा बाजारात आलं, पण किंमत लाखाच्या घरात. आमच्याकडच्या एखाद्या आजोबांनी पीएफच्या पैशातून घेतलेलं सी-चीफ आठवून कोणी तिथे गेलं तर दारातूनच परत येईल. नाव परत येतं, ते ज्यांच्यासाठी होतं ती माणसं परत येत नाहीत. उद्या कोणा उद्योगपतीने एचएमटी विकत घेऊन 'जनता हेरिटेज एडिशन' पंचवीस हजाराला काढली तर ती जनता कसली?

वसई रोडला स्टेशनच्या बाजूला एक म्हातारे घड्याळजी बसतात. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे बसलो होतो. एक तरुण जनता घेऊन आला. "काका, आजोबांचं आहे. चालू होईल का?" काकांनी भिंग लावून बघितलं. "स्टाफ तुटलाय. पडलं होतं का?" पोराला काय माहीत! "होईल रे. पण स्टाफ मिळत नाही. दुसरं मशीन फोडायला लागेल. तीन मारून एक जिवंत करायचं, असं चाललंय आमचं." मी विचारलं, हाताखाली कोणी शिकतंय का? त्यांनी समोरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाकडे बोट केलं. त्यांचा मुलगा तिथे असतो.

माझ्या मते परत आणायचं असेल तर इथून आणा. नवा कारखाना नको, चारशे कोटी नकोत. ०२३१ हे मशीन साठ वर्षांपूर्वीचं, त्यात आता गुपित काही उरलेलं नाही. त्याची ड्रॉइंग्ज, मापं, हत्यारांचे नकाशे, जे काही बंगळुरूला जपून ठेवलेलं असेल ते करदात्यांच्या पैशातून बनलेलं आहे, ते सगळ्यांना खुलं करा. आज पुण्यात, राजकोटला, वसईच्या औद्योगिक वसाहतींतसुद्धा बारीक कामाची सीएनसी यंत्रं घेऊन बसलेले लघुउद्योजक आहेत. बॅलन्सचा स्टाफ, चावीचा दांडा, मेनस्प्रिंग असे दहा-बारा भाग जरी नव्याने निघाले तरी कपाटात पडलेली लाखो घड्याळं चालू होतील. एचएमटीने दहा कोटींहून जास्त घड्याळं बनवली. त्यातली किती तरी अजून घराघरात आहेत, बंद. आणि आयटीआयमध्ये, दोन-चार ठिकाणी का होईना, घड्याळाचा ट्रेड नीट चालवा, जोवर शिकवणारे हयात आहेत तोवर. हे शिक्षण पुस्तकातून होत नाही, शेजारी बसून होतं. त्या काकांचं वय बघता फार वर्षं हातात नाहीत.

काही जण म्हणतील, एवढं सगळं वेळ बघण्यासाठी? वेळ बघायला मोबाइल आहे, आणि भरती बघायला तिथी आहे. मुद्दा तो नाही. दुरुस्त करता येणारी वस्तू आणि ती दुरुस्त करणारा माणूस, दोन्ही आपल्याकडे होते. फ्रिज, मिक्सर, टीव्ही, फोन, सगळीकडे आता 'पार्ट मिळत नाही, नवीन घ्या' हे एकच उत्तर मिळतं. दुरुस्तीच्या हक्कावर केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२२ मध्ये समिती नेमली होती. त्या हक्काचं पहिलं उदाहरण सरकारने स्वतःच्याच घड्याळापासून घालून द्यावं, एवढीच माझी मागणी आहे. ही शेअर करा, माझी हरकत नाही.

आणि एक काम. वसई, नालासोपारा, विरार, नायगाव, भाईंदर या पट्ट्यात चावीचं घड्याळ खरोखर उघडून दुरुस्त करणारे कोण कोण उरलेत, त्याची मी यादी करतोय. माझ्याकडे आत्ता चार दुकानं झालीत. तुम्हाला कोणी माहीत असेल तर दुकान कुठे आहे ते कमेंटमध्ये टाका. नुसता सेल आणि पट्टा बदलून देणारे नकोत.